घरी दहा लिटर बिअर: आधणापासून बाटलीपर्यंत

घरी पहिल्यांदा बिअर करायला निघालेली व्यक्ती बहुधा मॉल्ट आणि हॉप्स निवडण्यात आठवडे घालवते, आणि शेगडी बंद झाल्यावर, म्हणजे खरी जोखीम जिथे सुरू होते तिथे, दमून गेलेली असते. मँचेस्टरमधल्या माझ्या छोट्या स्वयंपाकघरात गेल्या काही वर्षांत मी जे घाणे काढले, त्यांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. शेगडी बंद होईपर्यंतच्या चुका बिअर पोटात घालते. त्यानंतरच्या चुका ती सहसा पोटात घालत नाही. धान्य शंभर ग्रॅम कमी पडले, पाणी एका अंशाने जास्त तापले, हॉप्स पाच मिनिटे उशिरा पडले, तरी बिअर होते आणि चांगली होते. उकळून थंड झालेल्या धान्याच्या रसाला मात्र एक न धुतलेला डाव लागला, किंवा यीस्ट घातलेली बादली तीन दिवस रेडिएटरजवळ राहिली, तर महिनाभराची वाट पाहणे मोरीत ओतावे लागते.

आधी कायद्याचे पाहू. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यासाठी परवाना काढावा लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, आणि तेव्हापासून घरच्या वापरासाठी बिअर मोकळेपणाने करता येते. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ही मुभा मिळाली. तिथे घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन अशी मर्यादा आहे, शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपापल्या ठिकाणी पाहून घ्यावेत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे, मग ते फक्त स्वतःसाठी का असेना, हा गुन्हा आहे. म्हणून ही कृती परदेशात, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना, २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून वाढत गेलेल्या परवानाधारक छोट्या ब्रुअरींमधली ताजी बिअर चाखताना, तिच्यामागे काय घडते हे कळायला तिचा उपयोग होईल.

मी बिअर करतो हे कळल्यावर आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हा की, "अरे, डोळे जातील ना!" हा प्रश्न आपल्याकडे स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती अजून लोकांच्या लक्षात आहेत. पण तिथे घात झाला तो दारूत मिसळलेल्या मिथेनॉलचा. धान्याच्या रसात यीस्ट घालून तो आंबवला तर त्यात धोकादायक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून दारू गाळणे, ही वेगळी गोष्ट आहे. ती ब्रिटन आणि अमेरिकेतही घरी करणे बेकायदा आहे आणि तिच्या वाटेला जाऊ नये.

धान्य, हॉप्स, यीस्ट

मॉल्ट म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण नाचणीचे सत्त्व घरी केलेले अनेकांनी पाहिलेले असते. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची आणि दळायची. त्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ राहते, कारण मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स शिजताना पिष्ट तोडतात. जवाचे मॉल्ट हे तेच आहे, फक्त मोड आल्यावर ते भट्टीत बेताने भाजून वाळवलेले असते. किराणा दुकानात सूपसाठी मिळणारी पांढरी बार्ली इथे चालत नाही. तिला मोड आणलेले नसतात, त्यामुळे तिच्यात पिष्टाची साखर करण्याची ताकद नसते. हॉप्स ही एका वेलीची फुले. त्यांच्यामुळे कडवटपणा आणि सुगंध येतो, आणि दूध नासवणाऱ्या जातीच्या जिवाणूंना त्या बऱ्याच प्रमाणात आवर घालतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देते.

पहिल्या घाण्यासाठी मी साधी इंग्लिश पेल एल, म्हणजे फिकट मॉल्टची बिअर, सुचवतो. लागर या थंडाव्यात आंबणाऱ्या बिअरला १० ते १२ अंशांवर आठवडे काढावे लागतात, गव्हाच्या बिअरचे यीस्ट लहरी असते, आणि भरपूर हॉप्स घातलेली आयपीए (इंडिया पेल एल) हवा लागली की पटकन उतरते. पेल एल या सगळ्यांपेक्षा समजूतदार आहे.

दहा लिटरसाठी सामान असे: मॅरिस ऑटर पेल मॉल्ट २.२ किलो आणि क्रिस्टल मॉल्ट १५० ग्रॅम, दोन्ही दुकानातूनच भरडून घ्यावे. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ५० ग्रॅम. इंग्लिश एलचे कोरडे यीस्ट एक पाकीट, उदाहरणार्थ सेफेल एस-०४. रस नितळ व्हावा म्हणून आयरिश मॉस किंवा त्याचीच गोळी. आणि बाटल्या भरताना लागणारी साधी पांढरी साखर. आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ आहे. ब्रिटिश पबमधली पिंपातली बिअर पुष्कळदा इसिंग्लासने, म्हणजे माशाच्या वाताशयापासून केलेल्या पदार्थाने नितळ केलेली असते, आणि हे आपल्यातल्या अनेक शाकाहारी मित्रांना ठाऊक नसते. घरच्या बिअरचा हा एक मोठा लाभ मला वाटतो, की तिच्यात काय पडले आहे ते आपल्याला नक्की माहीत असते.

भांड्यांत २५ लिटरचे स्टीलचे पातेले, धान्य मावेल एवढी जाड नायलॉनच्या जाळीची पिशवी, चांगला थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, १५ लिटरच्या झाकणाच्या खाद्ययोग्य प्लास्टिकच्या दोन बादल्या, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), सायफन (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवण्याची नळी), हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारे साधन) आणि त्याची नळी, झाकणे बसवण्याचे हातयंत्र आणि १८ ते २० जाड तपकिरी बाटल्या एवढे पुरते. बादलीला तोटी असलेली घेऊ नये, असे माझे मत आहे. तोटीच्या आटे असलेल्या भागात साका अडकतो आणि तो निघत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर पातेल्यात वाचवावेत, थर्मामीटरमध्ये नाही.

पाणी आणि भिजवण

मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअरसारख्या तलावांचे मऊ पाणी येते. अशा पाण्यात कॅल्शियम कमी असते, म्हणून मी १६ लिटरला ४ ग्रॅम जिप्सम घालतो. त्याने हॉप्सचा कडवटपणा रेंगाळत नाही, स्वच्छ लागतो. बर्टन अपॉन ट्रेंट या गावची पेल एल एकोणिसाव्या शतकात जहाजांनी मुंबई-कलकत्त्यापर्यंत जात असे, तिच्या नावाला तिथल्या विहिरींच्या जिप्समयुक्त पाण्याचा मोठा हातभार होता. लंडनसारख्या ठिकाणी पाणी मुळात जड असते, तिथे जिप्समची घाई करू नये. पाणीपुरवठा कंपनी आपल्या भागातल्या पाण्याचा तपशील देते, तो आधी पाहावा. पाणी कुठलेही असले तरी त्यातले क्लोरीन घालवणे आवश्यक आहे, कारण मॉल्टमधल्या द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन औषधी वास येतो आणि तो कशानेही जात नाही. कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरीन घालवणारी, अर्धी गोळी चुरून पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होते.

आता आधण ठेवावे. धान्य सुमारे २ लिटर पाणी शोषते, तासाभराच्या उकळीत घरच्या शेगडीवर साधारण ३ लिटर वाफ होते, आणि शेवटी ११ लिटर रस पातेल्यात उरायला हवा. म्हणून सुरुवातीला १६ लिटर पाणी घ्यावे. ते ६९ अंशांपर्यंत तापवून आच बंद करावी, पातेल्यात पिशवी लावावी आणि भरडलेले धान्य थोडे थोडे सोडत ढवळत राहावे. पिठल्यात होतात तशा इथेही गुठळ्या होतात. त्या बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या राहतात आणि आतल्या पिष्टाला पाणीच लागत नाही. लांब दांड्याच्या उलथण्याने तळापासून वर आणत दोन-तीन मिनिटे ढवळले की मिश्रण सैल खिरीसारखे होते आणि तापमान ६६ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावते.

या ६६ अंशांना अर्थ आहे. पिष्ट तोडणाऱ्या दोन मुख्य एन्झाइम्सपैकी एक ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान जोमात असते आणि यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर करते. दुसरे ७० च्या आसपास अधिक चांगले चालते आणि यीस्टला न पचणारे तुकडे मागे ठेवते, ज्यांनी बिअरला अंग येते. ६३ वर ठेवले तर बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ वर ठेवले तर भरदार आणि गोडसर. पेल एलसाठी मधला मार्ग बरा. झाकण लावून पातेल्याभोवती जुने ब्लँकेट गुंडाळावे आणि एक तास हात लावू नये; मध्ये मध्ये झाकण उघडून पाहिले की प्रत्येक वेळी उष्णता जाते. तासाने चमचाभर रस चाखला तर तो स्वच्छ गोड लागतो, थोडा बिस्किटासारखा, आणि ओठ एकमेकांना चिकटतात. पिशवी उचलून जाळीवर निथळत ठेवावी आणि झाकणाने दाबून उरलेला रस काढावा. निथळलेला चोथा खतासाठी चांगला.

उकळ

रसाला उकळी फुटते त्या क्षणी शेगडीपाशी उभे राहणे अनिवार्य आहे. दूध उतू जाते तसाच हा रस उतू जातो, फक्त याच्या पाकाने शेगडी काळी होते आणि ती घासायला अर्धा दिवस जातो. फेस वर येऊ लागला की आच कमी करून ढवळावे. पाच-सात मिनिटांत फेस मोडतो आणि प्रथिनांचे तुकडे अंडे फुटून पसरल्यासारखे रसात फिरताना दिसतात. ते दिसले की पहिले २५ ग्रॅम हॉप्स घालावेत आणि घड्याळ लावावे. हॉप्समधली कडू द्रव्ये दीर्घ उकळीशिवाय रसात उतरत नाहीत, आणि सुगंधी तेले दीर्घ उकळीत उडून जातात. म्हणून उरलेल्यांपैकी १० ग्रॅम शेवटची दहा मिनिटे राहिली असता आणि १५ ग्रॅम आच बंद केल्यावर घालावेत. पाकिटावर आल्फा आम्लाचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण ५ टक्क्यांहून बरेच वेगळे असेल तर पहिली मात्रा त्या मानाने कमी-जास्त करावी. आयरिश मॉस शेवटच्या पंधरा मिनिटांत जाते.

पूर्ण तासभर झाकण उघडेच ठेवावे. फिकट मॉल्टमधून उकळताना गंधकयुक्त द्रव्य बाहेर पडते, त्याला शिजलेल्या मक्याचा वास असतो, आणि झाकण लावले तर ते वाफेबरोबर न जाता पुन्हा भांड्यात ठिबकते. या तासात पातेले एकट्याने उचलू नये आणि आजूबाजूला अनवाणी वावरू नये. घरात कुत्रा असेल तर वापरलेल्या हॉप्सचा साका त्याच्या तोंडाला लागणार नाही याची काळजी घ्यावी. हॉप्स कुत्र्यांना विषासारखे बाधतात.

शेगडी बंद झाल्यानंतर

इथून पुढे थंड रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक केलेली असली पाहिजे. स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आधी सोडियम परकार्बोनेटच्या कोमट द्रावणाने चिकट, तेलकट सगळे काढून टाकावे, मऊ फडक्यानेच पुसावे, कारण तारेच्या घासणीने प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत जिवाणू घर करतात. मग न धुता वापरता येणारे निर्जंतुक द्रावण, जसे फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले स्टार सॅन, लिटरला साधारण दीड मिलिलिटर या प्रमाणात करून बादली, झाकण, एअरलॉक, सायफन, थर्मामीटर, यीस्टचे पाकीट आणि ते कापायची कात्री, सगळे त्यात दोन मिनिटे भिजवावे. फेस उरला तरी चालतो. तो पुसायला गेले की फडक्यावरचे जंतू परत येतात. ब्लीच वापरण्याचा मोह टाळावा, आणि ते व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लाबरोबर कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मराठी स्वयंपाकघराला या बाबतीत जास्तच जपावे लागते, कारण आपल्याकडे दही, ताक, इडलीचे पीठ आणि आंबोळ्यांचे पीठ कुठे ना कुठे असतेच, आणि त्यांना आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू बिअरला नको असतात. माझा चौथा घाणा पूर्ण आंबट झाला. ताकाची आंबट चव नव्हे, तिच्यामागे एक पातळ, दोरीसारखा ओढला जाणारा चिकटपणा होता, आणि बिअरच्या पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढरी साय धरली होती. त्या दिवशी सकाळी इडलीचे पीठ ज्या चाळणीतून काढले होते, तीच चाळणी मी नुसती पाण्याने धुऊन हॉप्स गाळायला घेतली होती. कारण तेच असावे, असे मला वाटते. त्यानंतर बिअरची चाळणी, डाव आणि फडकी वेगळ्या डब्यात ठेवली आणि बिअर करायच्या दिवशी ओट्यावर आंबवलेले काहीही ठेवायचे नाही, असा घरात नियम केला. तेव्हापासून तसे पुन्हा झालेले नाही.

रस थंड करण्यासाठी तांब्याची नळीची गुंडाळी मिळते. ती उकळीची शेवटची पंधरा मिनिटे रसातच ठेवली की आपोआप निर्जंतुक होते, आणि नंतर तिच्यातून नळाचे पाणी सोडले की वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. ती नसेल तर झाकण लावलेले पातेले बाथटबमध्ये थंड पाण्यात ठेवावे, पाणी दोन-तीनदा बदलावे, शेवटी बर्फ टाकावा. बर्फ बाहेरच्या पाण्यात टाकावा, रसात नाही. रस १८ ते १९ अंशांवर आला की तळाचा साका मागे ठेवून वरचा सुमारे १० लिटर रस बादलीत उंचावरून, फेस येईल असा ओतावा. रसाला हवा मिळू देण्याचा हा एकच क्षण आहे.

थोडा रस नळीत घेऊन हायड्रोमीटर सोडावा. आकडा १.०४५ च्या आसपास येईल. तो वहीत लिहावा, चाखून पाहावा आणि नळीतला रस बादलीत परत न ओतता टाकून द्यावा.

यीस्टचा आठवडा

विरजण लावताना दूध फार गरम असेल तर दही बिघडते आणि फार गार असेल तर लागत नाही, हे ज्याला कळते त्याला यीस्टचे निम्मे तंत्र आधीच येते. फरक एवढाच की दह्याला ऊब हवी असते आणि एल यीस्टला गारवा. ११ ग्रॅमच्या पाकिटातले ६ ग्रॅम १० लिटरला पुरेसे असते. पूर्ण पाकीट घातले तरी बिघडत नाही. यीस्ट पृष्ठभागावर भुरभुरावे, झाकण लावावे, एअरलॉकमध्ये निर्जंतुक द्रावण भरावे.

खरी कसोटी पुढच्या तीन दिवसांत असते. आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे बादलीतला रस खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहून जास्त गरम होतो. खोली २१ अंशांवर आहे म्हणून निर्धास्त राहावे तर रस २५ वर पोचलेला असतो, आणि तिथे यीस्ट घाईने काम करून पिकलेल्या केळ्याचा, विरघळकाचा वास आणि डोके दुखवणारी जड अल्कोहोले मागे ठेवते. हा दोष नंतर कितीही दिवस ठेवला तरी पूर्णपणे जात नाही. म्हणून बादलीला बाहेरून चिकटपट्टीचा थर्मामीटर लावावा, ती मोठ्या टबात निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात ठेवावी, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याची गोठवलेली बाटली त्या पाण्यात सोडावी. उन्हाळ्यात वर ओला पंचा गुंडाळून त्याची टोके पाण्यात बुडवली की तो पाणी वर ओढत राहतो आणि माठासारखा गारवा देतो. पहिले चार दिवस १८ ते १९ अंश सांभाळले तर सत्तर टक्के बिअर जिंकली, असे मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीपाशी बसून पाहण्यासारखे असते. हात लावला तर पाण्यातूनही तिची किंचित ऊब कळते. अर्धपारदर्शक प्लास्टिकमधून फेसाचा जाड, मलईच्या रंगाचा थर दिसतो, त्यावर हॉप्सचे हिरवट-तपकिरी डाग चढलेले असतात, आणि एअरलॉकमधून येणाऱ्या हवेला सफरचंद, पाव आणि थोडा गंधक असा एकत्र वास असतो. त्या वासाला घाबरू नये. झाकण मात्र उघडू नये.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर फेस खाली बसतो आणि बुडबुडे विरळ होतात. पुष्कळ जण इथे घाई करतात. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे नव्हे, आणि बुडबुडे येत आहेत म्हणजे ते चालू आहे असेही नव्हे. झाकण नीट न बसल्याने हवा बाजूने जात असेल किंवा खोली तापल्याने विरघळलेला वायू बाहेर पडत असेल. भरवसा हायड्रोमीटरचाच धरावा. या टप्प्यावर बादली टबातून काढून २० ते २१ अंशांवर येऊ द्यावी, कारण यीस्टने सुरुवातीला सोडलेला लोण्यासारख्या वासाचा डायअसिटिल आणि कच्च्या सफरचंदासारखा अ‍ॅसिटाल्डिहाइड हे दोन्ही यीस्टच पुन्हा खाऊन टाकते, आणि त्यासाठी त्याला थोडी ऊब आणि आठवडाभराचा वेळ लागतो. एकूण चौदा दिवस झाले की आकडा घ्यावा, तीन दिवसांनी पुन्हा घ्यावा. दोन्ही वेळा तोच आला, साधारण १.०११, तरच पुढे जावे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे टक्के मिळतात; इथे ते सुमारे साडेचार येतील.

बाटल्या भरणे

बाटलीत बिअर फसफसते ती आपण मोजून घातलेल्या थोड्या साखरेमुळे; उरलेले यीस्ट ती खाते आणि वायू बाहेर जायला वाट नसल्याने बिअरमध्ये विरघळतो. साखर जास्त झाली किंवा आंबणे अर्धवट असताना बाटल्या भरल्या तर काच फुटते, आणि फुटलेल्या बाटलीचे तुकडे खोलीभर उडतात. यात अंदाजपंचे चालत नाही. नऊ ते साडेनऊ लिटर बिअरला ४५ ते ५० ग्रॅम पांढरी साखर, म्हणजे लिटरला सुमारे ५ ग्रॅम, काट्यावर मोजून घ्यावी, चमच्याने नाही. ती अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटे उकळून, थंड करून निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओतावी, आणि त्यावर सायफनने बिअर सोडावी. नळीचे टोक तळाला टेकलेले असावे, म्हणजे बिअर गोल फिरत चढते, साखर आपोआप मिसळते आणि शिंतोडे उडत नाहीत. आंबल्यानंतर बिअरला हवा लागली की काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बाटल्या बिअरच्याच, दाबासाठी बनवलेल्या आणि झाकण उचकटून काढावे लागणाऱ्या असाव्यात. जॅमच्या, सरबताच्या किंवा पातळ काचेच्या बाटल्या कधीही वापरू नयेत. तपकिरी रंग शोभेसाठी नसतो. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून आलेला प्रकाश हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर पडला की त्यातून स्कंकसारखा उग्र वास तयार होतो, आणि उन्हात त्याला काही मिनिटे पुरतात. वर तीन सेंटिमीटर जागा सोडून भरावे आणि लगेच झाकण बसवावे. एक बाटली मी नेहमी सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरतो. ती रोज दाबून पाहिली की आत वायू किती साठला आहे हे बोटांना कळते, आणि ती दगडासारखी घट्ट झाली की काचेच्या बाटल्याही तयार झाल्या असे समजावे. सगळ्या बाटल्या झाकणाच्या जाड खोक्यात १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवाव्यात, मग फ्रिजमध्ये. एखादी उघडताच कारंज्यासारखी उसळली तर बाकीच्या तत्काळ गार कराव्यात आणि हातमोजे, चष्मा घालून एकेक करून मोकळ्या कराव्यात.

चवीतून दोष ओळखायचे तर केळे आणि विरघळक म्हणजे आंबवताना जास्त उष्णता, लोणी किंवा कच्चे सफरचंद म्हणजे घाईने भरलेल्या बाटल्या, पुठ्ठा म्हणजे हवा, आंबट आणि चिकट म्हणजे स्वच्छतेतली चूक, डेटॉलसारखा वास म्हणजे पाण्यातले क्लोरीन. हे पाहून पुढच्या घाण्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

पिण्याआधी बाटली एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे यीस्टचा साका तळाशी घट्ट बसतो. ही बिअर बर्फगार पिऊ नये. फ्रिजबाहेर पंधरा-वीस मिनिटे ठेवून १० ते १२ अंशांवर आणली की गोल्डिंग्जचा मातकट, मधाळ सुगंध मोकळा होतो. ग्लास तिरका धरून एकाच संथ धारेत ओतावी, मध्ये बाटली सरळ करू नये, आणि तळाशी बोटभर बिअर राहिली असता, साका मानेकडे सरकताना दिसला की थांबावे. बाटली तशीच लगेच गरम पाण्याने विसळून उलटी ठेवावी, कारण वाळलेला साका काढायला परकार्बोनेटमध्ये रात्रभर भिजवण्यावाचून इलाज उरत नाही.